सोलं, यलो अलर्ट आणि ‘तुरळक ठिकाणी’

ताई, यलो अलर्ट ऐकून तुम्ही वाळत घातलेली कोकमाची सोलं घरात ओढलीत, गुहागरला दिवसभर कडक ऊन पडलं आणि भिजलं ते चिपळूण. वैताग येणारच. पण म्हणून हवामान खात्याचं सगळं ‘अंदाजपंचे दाहोदरसे’, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही.

अलर्टचा रंग अख्ख्या जिल्ह्याला असतो, आणि आपला रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत. रंगाखालची ओळ वाचत जा. तिथला ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द मोघम नाही, त्याला माप आहे: फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नासपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पंचाहत्तरपर्यंत. तुरळकमध्ये तुमचं अंगण कोरडं राहिलं तरी अंदाज चुकला असं होत नाही.

माहिती गोळा कशी होते, तर हर्णै, रत्नागिरी, वेंगुर्ल्यासारख्या केंद्रांवर रोज सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतात. माझ्याही परसात पर्जन्यमापक आहे. नरसाळं, खाली बाटली, आखलेलं काचेचं माप. माप सपाट ठेवायचं, डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा. नरसाळ्यात फणसाचं पान अडकलं की त्या दिवसाचा आकडा गेला! खात्याच्या भाषेत ६४.५ मिमीपासून ‘मुसळधार’. म्हणजे अंगणाच्या दर चौरस मीटरवर साडेचौसष्ट लिटर पाणी.

आपली अडचण पश्चिमेला आहे. समुद्रात पर्जन्यमापक कोण लावणार? तिथे इन्सॅट उपग्रहाची चित्रं, जहाजांनी कळवलेल्या नोंदी आणि उपकरणं बसवलेले तरंगते बोये, एवढ्यावरच भिस्त. वरच्या हवेसाठी मुंबई-गोव्याहून उपकरण बांधलेले फुगे सोडतात. हे सगळं महासंगणकात जातं आणि तो हवेचे चौकोन पाडून हिशेब करतो. २०२५ मध्ये आलेल्या नव्या प्रणालीत चौकोन ६ किलोमीटरचा आहे, आधी १२ चा होता. मे महिन्यात दमट खारा वारा तापलेल्या घाटावर चढतो आणि दुपारी जो ढग उभा राहतो, तो कधी कधी एका चौकोनातही मावतो. निसर्ग वादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं, म्हणून ३ जून २०२० ला ते किनाऱ्यावर येण्याआधीच इशारे मिळाले. चिपळूणची सर नेमकी कोणत्या वाडीवर पडणार, हे सकाळी सांगणं जास्त अवघड.

तेव्हा सकाळचा रंग बघून धावू नका. दुपारी खात्याचा ‘नाऊकास्ट’, म्हणजे पुढच्या तीन तासांचा अंदाज, आणि रडारचं चित्र बघा. घाटाकडचे लाल ठिपके, म्हणजे जोराचा पाऊस, खाली आपल्याकडे सरकताना दिसले तर सोलं उचला. नाहीतर राहू देत उन्हात, अजून रसाची पुटं द्यायची असतील ना?