घर कोणाला मिळतं, ते विचार

प्रिय मित्रा,

गे म्हणून कोणत्या शहरात राहायला जावं, हे ठरवायला तू केलेला तक्ता दोनदा वाचला. खाली पुणे, मुंबई, बंगळुरू, कोलकाता, बर्लिन. वर रकाने: प्राइड मोर्चा निघतो का, ऑफिसचं धोरण काय, ॲपवर माणसं किती. प्रत्येक शहराला दहापैकी गुण. मेहनत दिसते, आणि तुझी घालमेलही. सांगलीतून बाहेर पडावंसं का वाटतं, हे मला समजावू नकोस. पण पुण्यापुढे तू एक ओळ लिहिलीस, तिथे मी अडलो: ‘एरिया सेफ आहे, सोसायटीत तसले लोक नाहीत.’

‘तसले’ कोण, ते तू लिहिलं नाहीस. एजंटनेही नाव घेतलं नसेल. अरे, त्या सोसायटीच्या लेखी ‘तसल्यां’त तूही आहेस. सेक्रेटरीला अजून कळलेलं नाही, एवढंच.

शहर जोखायला मला एकच प्रश्न पुरतो: तिथे भाड्याने घर कोणाला मिळतं? तुला मिळतं का, हे नंतर. मुसलमानाला मिळतं का, आडनाव सांगून दलिताला मिळतं का, ट्रान्स बाईला मिळतं का, हे आधी विचार.

मोर्चांची मला किंमत आहे. 2 जुलै 1999 ला कोलकात्यात पंधरा माणसं रस्त्यावर चालली, तो देशातला पहिला. मुंबईत 1990 मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे आपल्यासारख्यांचं नियतकालिक सुरू झालं, 1994 मध्ये आपल्यासाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट उभी राहिली, पुण्यात 2002 मध्ये तशीच समपथिक ट्रस्ट. 2008 च्या ऑगस्टमध्ये ऑगस्ट क्रांती मैदानातून निघालेल्या मोर्चात मीही होतो आणि रडलो होतो. पण मोर्चा संध्याकाळी संपतो. रात्री झोपायला कुठेतरी जावं लागतं.

कोचीचं उदाहरण घे. 2017 मध्ये तिथल्या मेट्रोने 23 ट्रान्स व्यक्तींना नोकरी दिली. देशभर कौतुक झालं, आणि व्हायलाच हवं होतं. पण काही दिवसांतच त्यांतल्या कित्येकींनी नोकरी सोडली, कारण शहरात कोणी खोली देईना. पगार आहे, गणवेश आहे, आणि पाठ टेकायला जागा नाही. तुझ्या तक्त्यात कोचीला किती गुण दिले असतेस?

मी दादरचा. माझा जोडीदार परळच्या चाळीतला, मुसलमान. 1993 च्या दंगलींनंतर त्याच्या घरच्यांनी परळ सोडून ठाण्यापलीकडचं, मुसलमान वस्तीचं मुंब्रा गाठलं, तेव्हा हजारोंनी गाठलं तसं. एकत्र राहायचं ठरवल्यावर आम्ही ठाणे, मुलुंड, डोंबिवली पालथी घातली. गे म्हणून आम्हाला कोणी नाकारलं नाही, कारण गोष्ट तिथवर पोचतच नसे. एजंट माझं नाव लिहून घ्यायचा, त्याचं विचारायचा आणि वही मिटायचा. ज्या दारातून तो आत जाऊ शकत नव्हता, तिथे मी एकटा राहून काय करणार होतो? शेवटी मुंब्र्यातच खोली घेतली. मालकिणीला सांगितलं, दोघे मित्र आहोत. तिने पुढे काही विचारलं नाही. मुंब्रा आमच्यासारख्यांना मोकळं होतं, असं मी म्हणणार नाही. तिथेही गप्पच राहावं लागलं. पण त्या खोलीची किल्ली आम्हा दोघांकडे होती. माझी आई मात्र पारसिकच्या बोगद्यापलीकडे, मुंब्र्याला, कधी आली नाही. ती खंत जात नाही.

नातेवाईक अजून विचारतात, तिकडे का राहिलास. तुझ्या वयाची मुलं विचारतात, ‘मित्र’ का म्हणालात, उघड का बोलला नाहीत. बोललो असतो तर त्याच्या बहिणींची लग्नं, माझी नोकरी, ती खोली, सगळंच गेलं असतं. आम्ही घर टिकवलं. मला ते आजही बरोबर वाटतं आणि त्याबद्दल मी कोणाचं ऐकून घेणार नाही.

तू म्हणशील, काका, काळ बदलला, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 गेलं. 6 सप्टेंबर 2018 चा निकाल मोठाच. पण घरमालक नाही म्हणाला तर कशाच्या आधारावर भांडशील? 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्यात घर भाड्याने देताना भेदभाव नको असं लिहिलंय. गे माणसासाठी तेवढंही नाही. उलट 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सभासद फक्त पारशीच ठेवण्याची मुभा दिली. आणि हे फक्त मुसलमानांचं दुखणं समजू नकोस. 2023 मध्ये मुलुंडला एका बाईंना मराठी म्हणून ऑफिसची जागा नाकारली, तेव्हा आपल्या लोकांना केवढा धक्का बसला! आधी दुसऱ्यांना नाकारलं जात होतं तेव्हा हीच माणसं त्या इमारतींना ‘चांगली वस्ती’ म्हणत होती.

बर्लिनला तू साडेनऊ दिलेस. तिथे 1919 मध्ये माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरने लैंगिकतेच्या अभ्यासाची संस्था काढली. तो ज्यू होता आणि गे होता. 1933 च्या 1 एप्रिलला नाझींनी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार घातला. शहराने ते बघून घेतलं. 6 मे ला त्याच शहरात ही संस्था लुटली गेली, आणि चार दिवसांनी तिथली पुस्तकं चौकात जाळली. दुसऱ्याच्या दुकानापासून आपल्या दारापर्यंत यायला जेमतेम पाच आठवडे लागले. आजचं बर्लिन निराळं आहे: घर देताना भेदभाव करायला 2006 पासून कायद्याने मनाई आहे, 2017 पासून आपल्यासारख्यांना लग्नही करता येतं. तरी त्याच 2017 मध्ये जर्मन पत्रकारांनी वेगवेगळ्या नावांनी घरांसाठी हजारो अर्ज धाडले, तर अरबी आणि तुर्की नावांना उत्तरं कमी आली. तिथे तू गे म्हणून निवांत असशील आणि आडनावावरून अडशील. जायचं तर जा, पण हे धरून जा.

बंगळुरूबद्दल थोडंच सांगतो. कंपन्यांची धोरणं चांगली आहेत, पण ती ऑफिसच्या गेटपर्यंत चालतात.

पुढे कोणाबरोबर राहशील तेव्हा लिव्ह अँड लायसन्सचा करार दोघांच्या नावाने कर आणि त्याची नोंदणी करून घे. आमच्या करारावर एकच नाव होतं. बँकेत जोडीदाराबरोबर जॉइंट खातं उघडायला आडकाठी नाही, असं केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलंय. ते खातं पहिल्याच महिन्यात उघड.

आणि पुण्याच्या त्या एजंटला उद्या फोन कर. सांग, माझा रूममेट मुसलमान आहे, चालेल का? तो काय म्हणतो ते ऐक, मग रकाना भर. तोवर डिपॉझिटचा एक रुपयाही देऊ नकोस.

तुझा,
काका