पेन्सिलीने लिहिलेले ‘नाही’

धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हृदयरुग्ण येतात ते बहुधा जिने, उपवास आणि मोबाइल कोणत्या खिशात ठेवावा, असे प्रश्न घेऊन. समुद्र पाहायलाही रात्रभराचा प्रवास करावा लागणाऱ्या नागपुरात ‘पेसमेकर असताना स्कूबा डायव्हिंग करू का?’ असे मला पहिल्यांदा विचारले ते 46 वर्षांच्या एका गृहस्थांनी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हार्ट ब्लॉकमुळे, म्हणजे ठोके चालवणारे विद्युत संदेश हृदयात अडत असल्याने, दोन वर्षांपूर्वी त्यांना पेसमेकर बसवला होता. मुलीने मालवणची सहल ठरवली होती आणि तिथून आलेला आरोग्याचा अर्ज त्यांच्या हातात होता. ‘हृदयविकार आहे का?’ या रकान्यात पेन्सिलीने ‘नाही’ लिहिलेले मला दिसले.

“पाण्याच्या दाबाने पेसमेकरची डबी चेपेल का, एवढीच यांना भीती आहे,” पत्नी म्हणाल्या, “आणि मला यांचीच.”

दाबाची शंका रास्त होती. समुद्रात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे 10 मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. टायटॅनियमची डबी सीलबंद असली तरी ती किती दाब सोसेल हे मॉडेलनुसार बदलते. कंपनीकडून ते कळते आणि मॉडेलचे नाव रुग्णाजवळच्या कार्डावर असते. हे काम एका फोनचे. मला काळजी होती ती यंत्र ज्या हृदयासाठी बसवले त्याची. पाण्यात उतरताच हातापायांतले रक्त छातीकडे सरकते, हृदयावरचा भार वाढतो, आणि प्रवाहाविरुद्ध पोहावे लागले तर दमही लागतो. जमिनीवर भोवळ आली तर माणूस भिंत धरून खाली बसतो. पाण्याखाली मात्र तोंडातली हवेची नळी सुटते. ज्यांना ठोके धोकादायकरीत्या बिघडल्यास विजेचा झटका देणारे आयसीडी हे यंत्र बसवलेले असते, त्यांना म्हणूनच डायव्हिंग सहसा नाकारले जाते.

हे सगळे ठरवणे डॉक्टरांचे काम, माझे नव्हे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. माझ्या वाट्याला ते पेन्सिलीचे ‘नाही’ होते. मी फाइलींनी भरलेली माझी पिशवी त्यांना खांद्याला लावायला दिली. सवयीने त्यांनी डाव्या अंगठ्याने पट्टा कॉलरबोनवरून बाहेर सरकवला, अगदी नकळत. सिलिंडरचा पट्टाही तिथेच टेकतो आणि त्याखाली पेसमेकर आहे हे प्रशिक्षकाला ठाऊक नसेल तर तो पट्टा घट्टच आवळील, असे मी म्हणाले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मॅडम, ‘होय’ लिहिले की मी मुलीसमोर पुन्हा पेशंट होतो.”

त्यानंतरच्या दोन बैठका आम्ही या वाक्यावरच घालवल्या, आणि माझ्या मते त्या दाबाच्या गणितापेक्षा महत्त्वाच्या होत्या. मुलीला सांगायचे शब्द त्यांनी स्वतःच शोधले. हृदयरोगतज्ज्ञांनी यंत्र तपासले, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ट्रेडमिल चाचणी केली, आणि पाण्यात किती खोल जायचे याची मर्यादा घालून पत्र दिले. चाचण्यांसाठी सहल पंधरा दिवस पुढे गेली. रकान्यात पेनाने ‘होय’ आले.

पत्नी बोटीवरच थांबल्या होत्या. ते वर आल्यावर त्यांनी आधी पट्टा कुठे टेकला होता ते पाहिले आणि मग मासे दिसले का, ते विचारले.