मध्ययुगीन युरोपात सडक्या मांसाचा वास मारायला मसाले वापरत, हे खरं आहे का?

नाही. वास्को द गामाच्या धड्याला जोडूनच ही गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावर येते, पण ती साध्या हिशोबातही बसत नाही.

मलबारची मिरी तांबडा समुद्र, इजिप्त आणि मग व्हेनिस असे हात बदलत युरोपात जायची आणि प्रत्येक हात आपला नफा, जकात चढवायचा. मांस मात्र गावातलंच. ज्याला मिरी परवडत होती त्याला ताजं मांस केव्हाही परवडत होतं. जास्तीचं मिठात किंवा धुरावर टिकवत. आणि घरी मटण शिजवणाऱ्या कुणालाही विचारा, मटण उतरलं असेल तर कितीही गरम मसाला घाला, पहिल्या घासाला कळतंच.

नासकं मांस लोक मुकाट्याने खात होते, असंही नाही. 1319 साली लंडनमध्ये कुजलेलं गोमांस विकायला आणणाऱ्या एकाला खोड्यात अडकवलं आणि तेच मांस त्याच्या नाकाखाली जाळलं.

मग एवढे मसाले कशाला? माझ्या मते मुख्य कारण थाटमाट. 1475 मध्ये बव्हेरियातल्या लँड्सहूट इथे तिथल्या ड्यूकचा मुलगा गेऑर्ग आणि पोलंडची राजकन्या यांचं लग्न झालं. त्या एका लग्नात मिरीच साडेतीनशे पौंडांहून जास्त लागली. शिवाय आलं, केशर, दालचिनी, लवंग, जायफळ. यजमानाची ऐपत पाहुण्यांना ताटातच दिसायची. जोडीला वैद्यकाचा आधारही होता. मासे नि डुकराचं मांस थंड आणि ओलसर, मिरी उष्ण आणि कोरडी, म्हणून दोन्ही एकत्र खावीत, असं तिथले वैद्य सांगत. आपल्याकडच्या उष्ण-थंडच्या पथ्याशी हे बरंच जुळतं.

मला सर्वांत पटणारा पुरावा पुढचा आहे. सतराव्या शतकात डच आणि इंग्रज जहाजांनी मसाले भरभरून आणले, भाव उतरले, मिरी साध्या घरांतही दिसू लागली. नेमक्या त्याच काळात फ्रान्समधल्या श्रीमंतांच्या स्वयंपाकात मसाल्यांचा मारा कमी झाला. ला व्हारेन या फ्रेंच आचाऱ्याच्या 1651 च्या पाककृतींत लोणी, साय आणि ताज्या सुगंधी पाल्यावर भर दिसतो. बर्फाची कपाटं घरोघरी यायला तेव्हा अजून दोन शतकं अवकाश होता, म्हणजे मांस आधीइतकंच नाशवंत होतं.