दाखल्यावरची एक जून आणि रुसलेली आत्या

*"आमच्या घराण्याची वंशावळ छापायला घेतली आहे. मूळ गाव वाळवा तालुक्यात, मी पुण्यात असते. वडील हयात नाहीत. त्यांच्या आणि आत्याच्या शाळेच्या दाखल्यांवर जन्मतारीख एकच आहे, 1 जून 1947. म्हणून मी दोघांना जुळी भावंडं दाखवलं आणि कच्ची प्रत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. आत्या भडकली. म्हणाली, 'मी थोरली, त्याला कडेवर घेऊन वाढवलाय मी.' मी म्हटलं, 'कागदावर तसंच आहे, वयामुळे तुला आता आठवत नसेल.' तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही, प्रकाशनालाही येणार नाही म्हणते. तिचं म्हणणं असं की मुंबईची गोदी उडाली तेव्हा आजी आठव्या महिन्याची होती. आजोबा गोदीत कामाला होते, ते आठवड्यानं गावी पोचले, तोवर घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. त्यानंतर वैशाखात ती झाली. आणि बाबा स्वातंत्र्याच्या साली धोंड्याच्या महिन्यातले, म्हणून आजी त्यांना धोंडीबा म्हणायची. खरं कुणाचं धरू? चुलतभावाचाही घोळ आहे. तो कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे जन्मला. दवाखान्याच्या कागदावर सोमवार, 11 डिसेंबर 1967, आणि पत्रिकेत रविवार."*

तुमच्या आत्या बरोबर सांगताहेत. तुम्हीच पाठवलेल्या माहितीतून ते जवळजवळ सिद्ध होतंय, त्यामुळे आधी मनातली शंका काढून टाका.

दाखल्यावरची 1 जून ही जन्माची तारीख म्हणून वाचूच नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पोराला घेऊन आई नाहीतर आजोबा शाळेत यायचे, जन्मतारीख सांगता यायची नाही. मग गुरुजी पोराच्या अंगकाठीकडे बघून, पहिलीच्या वयात बसेल असं साल धरायचे आणि पुढे एक जून लिहायचे. महाराष्ट्रातल्या त्या पिढीत गावोगाव एक जूनची माणसं आहेत ती यामुळेच. भाऊबहीण एकाच दिवशी शाळेत घातली की दोघांची तारीख एक व्हायला काहीच लागत नाही. थोरल्या मुलीला धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवायचं आणि तो शाळेच्या वयाचा झाला की त्याच्यासोबत तिलाही पाठवायचं, हे तर सर्रास चालायचं. मग पहिलीत बसवण्यासाठी तिचं वय कमी लिहिलं जायचं. तुमच्या घरात असंच घडलं का, ते आत्याच सांगू शकतील. माझा अंदाज मात्र तोच आहे.

आता त्यांच्या आठवणींकडे या. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला तो 14 एप्रिल 1944 रोजी, दुपारी चारच्या सुमारास. त्या वर्षीचा वैशाख एप्रिलच्या 23 तारखेच्या आसपास लागला आणि मेच्या 22 च्या सुमाराला संपला. एप्रिलच्या मध्यावर आठवा महिना असलेली बाई मे महिन्यात बाळंत होणार, हे जुळतं. तुमच्या वडिलांचंही पाहा. 1947 साली अधिक श्रावण होता. तो जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला आणि 16 ऑगस्टच्या अमावास्येला संपला. म्हणजे 15 ऑगस्ट हा दिवससुद्धा धोंड्याच्या महिन्यातलाच. आत्या म्हणतात तसं स्वातंत्र्याचं साल आणि धोंड्याचा महिना दोन्ही एकत्र बसतात, आणि आजीनं ठेवलेलं लाडाचं नावही त्याला साक्ष आहे. बहीणभावांत सव्वातीन वर्षांच्या आसपास अंतर पडतं. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं पंचांग न उघडता सांगितलेले दोन महिने असे चपखल बसतात, आणि आपण तिला म्हणतो, तुला आठवत नसेल!

इथंच मला थोडं कठोर बोलायचं आहे. आत्या तारखेवरून रागावलेल्या नाहीत. त्यांच्या पिढीतल्या मुलींच्या वाट्याला फार थोडं आलं. शाळा उशिरा, तीही भावाच्या निमित्तानं. नाव लग्नानंतर बदललं. माहेरच्या वंशावळीत तर मुलींना पूर्वी जागाच नसायची. थोरलेपण मात्र त्यांचं स्वतःचं होतं, कारण ते त्यांनी भावाला कडेवर घेऊन कमावलं होतं. आता भाऊही राहिला नाही. 'होय, ती माझी थोरली' असं सांगणारा एकमेव माणूस गेला, आणि त्याच्याच लेकीनं सगळ्या भावकीसमोर ते पुसलं. वर वयाचा दाखला दिला. फोन उचलत नाहीत यात मला काही नवल वाटत नाही.

वंशावळ करणाऱ्यानं एक पथ्य पाळावं असं माझं ठाम मत आहे: घरातल्या माणसांना भावंडांचा क्रम जितका पक्का माहीत असतो, तितका कुठल्याच कागदाला माहीत नसतो. तारीख विसरेल, साल चुकेल, पण कोण कुणाच्या पाठचं हे बाया विसरत नाहीत. म्हणून आधी क्रम लावा, मग तारखा. आणि तारीख लिहिताना ती कुठून आली तेही लिहा. आत्यांच्या नावापुढं 'वैशाख शके 1866, मे 1944 च्या सुमारास, स्वतःच्या सांगण्यावरून. शाळेच्या दाखल्यावर 1 जून 1947' असं छापायला एक ओळ जास्त लागेल. लागू दे.

असं करण्यात कमीपणा नाही. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीवरून किती वर्षं वाद चालला! नंतरच्या बखरींवरून शके 1549 ची वैशाख शुद्ध द्वितीया धरली जात होती. मग टिळकांनी 1916 साली जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार घटनांची जुनी नोंद, प्रसिद्ध केली, तिच्यात शके 1551 ची फाल्गुन वद्य तृतीया निघाली. 'शिवभारत' या समकालीन काव्यातही तीच तिथी सापडली. 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख पुढं आली ती अशी. अभ्यासकांनी पाहिलं ते एवढंच की हे कुणी लिहिलं आणि घटनेच्या किती जवळ असताना लिहिलं. तुमच्या घरात आत्या घटनेच्या जवळ आहेत. गुरुजी बरीच वर्षं लांब होते.

कागदच हवा असेल तर दाखल्याच्या मागं जा. सगळ्या देशाला एकच जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 साली आला. त्याआधी गावातल्या जन्माची खबर कोतवालाकडून नोंदवहीत जायची. तोच गाव नमुना नंबर 14, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदींच्या शोधात गेल्या काही वर्षांत हे शब्द घरोघरी पोचले आहेत. तालुक्याच्या तहसील कार्यालयात अभिलेख कक्षात अर्ज करा आणि 1944 चा एप्रिल-मे, 1947 चा जुलै-ऑगस्ट मागा. नोंद मोडी लिपीत असली तर वाचणारे मिळतात. तिथं आत्याचं नाव सापडेल अशी आशा मात्र धरू नका. नाव ठेवण्याआधीच नोंद व्हायची, त्यामुळे बापाचं नाव आणि पुढं मुलगी, एवढंच असू शकतं. वही मिळालीच नाही तरी आत्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही.

जाता जाता एक दुरुस्ती. कच्च्या प्रतीत तुम्ही दोघांचंही जन्मस्थळ 'जि. सांगली' लिहिलंय. तेव्हा वाळवा सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 साली आणि त्याचं सांगली झालं 1960 साली.

चुलतभावाचा घोळ हा घोळच नाही. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, घड्याळात मध्यरात्री. भूकंप झाला पहाटे सव्वाचारच्या पुढं. त्या वेळी दवाखान्यात सोमवार लागला होता, जोशीबुवांच्या लेखी रविवारच चालू होता. दोघंही बरोबर. पहाटेच्या जन्मात एका दिवसाचा फरक दिसला की आधी हेच तपासावं.

आत्यांच्या आधार कार्डावर, पेन्शनच्या कागदांवर 1947 असेल तर ते तसंच राहू द्या. शाळा सोडल्यावर दाखल्यावरची तारीख सहसा बदलून मिळत नाही, आणि या वयात त्यांना कचेऱ्यांचे हेलपाटे नकोत.

उलट एक आनंदाची गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. हजार पौर्णिमा पुऱ्या व्हायला साधारण 80 वर्षं 10 महिने लागतात. दाखल्याच्या हिशेबानं आत्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला 2028 उजाडेल. त्यांच्या स्वतःच्या हिशेबानं त्या पौर्णिमा 2025 च्या मार्चच्या सुमारालाच पुऱ्या झाल्या. प्रकाशनाच्या दिवशीच तो सोहळा करा, आणि पुस्तकाची पहिली प्रत त्यांच्या हातात द्या.

पण त्याआधी फोन नाही, माणूस पाठवणं नाही, स्वतः जा. वही घेऊन बसा. गोदीपासून विचारा, आजोबा घरी आले तो दिवस विचारा, बाबांच्या बारशाचं विचारा. मध्ये दुरुस्त्या करू नका. आणि जायच्या आधी, ज्या ग्रुपवर कच्ची प्रत टाकली तिथंच दुरुस्त प्रत टाका आणि तुमच्या नावानं लिहा की आत्या बाबांची थोरली बहीण आहे, जुळी लिहिण्यात माझी चूक झाली. चूक सगळ्यांसमोर झाली होती, माफीही त्यांना तिथंच वाचायला मिळाली पाहिजे.