वाचकांचे प्रश्न : पितळी डिसेक्टिंग मायक्रोस्कोप

प्रश्न : लिलावातून जुना पितळी सूक्ष्मदर्शक घेतला. त्याला नळी नाही. आडव्या दांड्याच्या टोकाला एकच भिंग, खाली काचेचा मंच आणि आरसा. काही भाग हरवला आहे का? भिंग वरखाली करायची फिरकी जाम आहे. चिंचेने घासून लख्ख करू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : चिंच, पितांबरी, लिंबू, काहीच लावू नका. पितळेवरचा सोनेरी थर हे लाखेचं रोगण आहे. आंबट पदार्थाने आणि घासण्याने तो जातो, स्पिरिटने तर विरघळतोच. आणि एकदा गेला की मूळचा परत मिळत नाही. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाकून, पिळलेल्या मऊ कापडाने पुसा आणि लगेच कोरडं करा. डाग राहिले तर राहू द्या, ते त्याच्या वयाचेच आहेत.

भाग हरवलेला नाही. हा डिसेक्टिंग, म्हणजे विच्छेदनासाठीचा साधा, एकभिंगी प्रकार आहे. संयुक्त, म्हणजे नळीत एकाहून जास्त भिंगं असलेल्या सूक्ष्मदर्शकात प्रतिमा उलटी दिसते, त्यामुळे सुई उजवीकडे नेली की ती डावीकडे सरकताना दिसते. इथे प्रतिमा सुलटी असते आणि भिंगाखाली दोन्ही हातांना जागा उरते. म्हणूनच चार्ल्स डार्विनने 1848 मध्ये लंडनच्या स्मिथ अँड बेककडून असा सूक्ष्मदर्शक घेतला. तेव्हा तो बार्नकल या खडकांना चिकटणाऱ्या प्राण्यांचं विच्छेदन करत होता.

फिरकी जाम होते ती बहुधा ग्रीसमुळे. जुन्या चरबीतली आम्लं पितळेतल्या तांब्याशी संयोग पावून हिरवट, मेणासारखा थर धरतात. जोर लावलात तर पितळी दाते वाकतील. कापसाच्या काडीने दात्यांवर मिनरल टर्पेंटाइन लावा (आधी लपलेल्या जागी तपासून), पंधरा मिनिटं थांबा, लाकडी टूथपिकने मळ काढा. दोन-तीनदा करावं लागेल. मग पातळ ग्रीस, तेही अगदी थोडं. त्यानंतर दांडा आपोआप घसरू लागला तर पिनियनच्या (फिरकीच्या छोट्या दातेरी चाकाच्या) झाकणाचे दोन्ही स्क्रू सारखेच, पाव-पाव फेरा आवळा. खाचेत घट्ट बसणाराच पेचकस वापरा. स्क्रू काढलात तर जो ज्या भोकाचा, तो त्याच भोकात जाऊ द्या. जुने आटे आजच्या स्क्रूंशी जुळत नाहीत.

भिंगावरची धूळ आधी रबरी फुग्याने उडवा. ते कोणत्याही द्रावकात बुडवू नका. दोन काचा चिकटवून जोडलेलं भिंग असेल तर आतला डिंक सुटतो. शक्ती अंदाजे काढायची तर दूरच्या खिडकीची स्पष्ट प्रतिमा कागदावर पाडा, भिंगापासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि 250 ला त्याने भागा. अंतर 25 आलं तर दहापट.

आरशाने थेट ऊन डोळ्यात घेऊ नका, मोकळ्या आकाशाचा उजेड घ्या.