मान्यतेच्या फायलीत पालकांचे म्हणणे

प्रश्न : बीड जिल्ह्यातील एका मोठ्या गावात आमची पहिली ते आठवीची विनाअनुदानित मराठी शाळा आहे. शाळेच्या स्वमान्यतेची तीन वर्षांची मुदत येत्या उन्हाळ्यात संपते आणि नूतनीकरणाचा प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे पाठवायचा आहे. माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. त्याच्या मुलीच्या चार्टर शाळेची मान्यता नव्याने व्हायची होती, तेव्हा बाहेरून आलेल्या समितीने पालकांना बोलावून त्यांच्याशी वेगळी चर्चा केली, असे त्याने सांगितले. आपणही पालकांना सामील करून घ्यावे असे मला वाटते. परंतु हे काम कार्यालयाचे आहे, पालक आले तर उणिवा चव्हाट्यावर येतील, असे संस्थाचालकांचे मत आहे. शिवाय आमचे निम्मे पालक दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. मी काय करावे?
– एक मुख्याध्यापिका

उत्तर : आदरणीय बाई, आधी आपल्या भाच्याच्या अनुभवाविषयी थोडे सांगतो. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, शिक्षण शुल्क घेत नाही, पण तिचे व्यवस्थापन एका करारपत्राने बांधलेले आणि एरवी बऱ्याच अंशी स्वतंत्र असते. अमेरिकेत असा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने 1991 मध्ये केला आणि कॅलिफोर्नियाने 1992 मध्ये. तेथे करारपत्राचे नूतनीकरण आणि शाळेची गुणवत्ता-मान्यता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कॅलिफोर्नियातील पुष्कळ शाळांना मान्यता देणारी वास्क ही संस्था सहा वर्षांचे चक्र ठेवते. त्यात शाळा प्रथम स्वतःचा अभ्यास स्वतः करते, त्या अभ्यासात पालकांचेही गट असतात, आणि मग भेटीस आलेली समिती शाळेचे लिहिणे व पालकांचे बोलणे एकमेकांशी ताडून पाहते.

आपल्याकडील स्वमान्यतेचा गाभा मात्र बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 18 आणि 19 मध्ये आहे. कायद्याच्या परिशिष्टातील निकष शाळा पाळते की नाही, हे शाळेने स्वतः घोषित करायचे आणि अधिकाऱ्यांनी ते तपासायचे, असे त्याचे स्वरूप आहे. आपली शाळा विनाअनुदानित असल्यामुळे, तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असलेली शाळा व्यवस्थापन समिती स्थापण्याचे कलम 21 चे बंधन आपल्याला लागू होत नाही. तथापि, शुल्क विनियमनाच्या 2011 च्या राज्य अधिनियमानुसार खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असावाच लागतो. म्हणजे पालकांना बोलावण्यासाठी नवी व्यवस्था उभारण्याची गरज नाही. असलेली व्यवस्था जागी करायची आहे.

आता संस्थाचालकांच्या भीतीविषयी. विस्तार अधिकारी म्हणून काम करीत असताना मी एका शाळेची तपासणी केली होती. प्रस्तावात ‘मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह : आहे’ असे लिहिले होते, आणि ते खरेच होते, बांधकाम उत्तम, फरशी स्वच्छ. निघताना फाटकाशी उभ्या असलेल्या एका आईने सांगितले की, स्वच्छतागृहाला कुलूप असते, किल्ली कार्यालयात असते, आणि पुरुष शिक्षकांसमोर किल्ली मागायला मुली लाजतात, म्हणून तिची लेक दिवसभर पाणीच पीत नाही. फायलीतील एकही शब्द खोटा नव्हता, तरीही ती फाईल त्या मुलीच्या उपयोगाची नव्हती. मी मागे फिरलो, मुख्याध्यापकांशी बोललो आणि दुसऱ्या दिवसापासून ते कुलूप निघाले. त्या आईचे म्हणणे प्रस्ताव भरण्याआधी कोणी विचारले असते तर ते कुलूप किती आधी निघाले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

म्हणूनच माझा आग्रह असा आहे की, पालकांना प्रस्ताव लिहून झाल्यावर सहीपुरते बोलावू नका. तो लिहायला घेण्यापूर्वी बोलवा. उणिवा चव्हाट्यावर येतील, हे म्हणणे मला पटत नाही, कारण गावात त्या आधीच माहीत असतात. माहीत नसतात त्या बहुधा संस्थेच्या कार्यालयातच. मान्यतेविना शाळा चालवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यानंतर चालू राहिल्यास दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड कायद्यात आहे. निकष मोडल्यास मान्यता काढूनही घेता येते. अर्थात शाळेला बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून तसे करता येत नाही, आणि तेथील मुलांना परिसरातील कोणत्या शाळेत प्रवेश द्यायचा हेही त्या आदेशात नमूद करावे लागते. हे सारे पालकांना मोकळेपणाने सांगा. मान्यतेच्या कागदाशी आपल्या लेकराचा संबंध काय, हे एकदा उमगले की माणसे स्वतःहून बोलू लागतात.

आपली खरी अडचण दिवसांची आहे. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पेरणीची धांदल असते, ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी, आणि त्यानंतर मुकादमाची गाडी दारात उभी राहते ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, माणसे परतत नाहीत. या सगळ्यात एक दिवस आपल्याला मोकळा सापडतो, तो 17 सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनाला पालक शाळेत येतातच. त्या दिवशी ध्वजवंदन झाल्यावर भाषणे आटोपशीर ठेवा आणि पालकांना वर्गावर्गांत बसवा. मोठ्या सभेत चार ठरावीक माणसेच बोलतात. आपल्या मुलाच्या वर्गात, त्याच्याच बाकावर बसलेली आई अधिक मोकळी होते. ‘काही अडचण आहे का?’ असे विचारले तर ‘नाही, सगळं बरं आहे’ हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी मुलगा घरी येताच पाणी किती पितो, पावसाळ्यात वर्गात कोठे गळते, गेल्या महिन्यात ग्रंथालयातून कोणते पुस्तक घरी आले, शिक्षक रजेवर असले की वर्ग कोण घेते, असे विचारा. परिशिष्टातील पिण्याचे पाणी, ग्रंथालय, शिक्षकसंख्या, पहिली ते पाचवीसाठी 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 कामाचे दिवस या सर्वांची खरी तपासणी अशाच प्रश्नांतून होते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडे निघण्यापूर्वीच एक चौकशी करून ठेवा : फोन कोणत्या वेळी लागेल आणि माघारी मुलाजवळ कोण राहणार. पहाटे फडात उतरलेल्या माणसाला आपल्या कार्यालयीन वेळेत फोन करणे व्यर्थ आहे. मागे राहिलेले आजी-आजोबा हेच त्या सहा महिन्यांचे पालक आहेत, हे मात्र शिक्षकांच्या मनावर ठसवा. पालक सभेच्या हजेरीत त्यांचे नाव सन्मानाने लिहा. आजीला नमुन्यातील रकाने वाचता येणार नाहीत, पण नातू रात्री वही उघडतो की नाही, शाळेच्या वाटेवर ओढ्याला पाणी आले की काय होते, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

प्रस्तावाचा मसुदा तयार झाल्यावर तो पालक-शिक्षक संघासमोर ओळीने मोठ्याने वाचा. पालकांनी दाखवलेली जी उणीव लगेच दूर होण्यासारखी नसेल, ती दुरुस्तीच्या मुदतीसह इतिवृत्तात नोंदवा आणि ती मुदत पाळा. पंचवीस टक्के राखीव जागांवरील मुलांच्या पालकांशी मात्र स्वतंत्रपणे बोला, कारण चारचौघांत ते गप्प राहतात. आणखी एक, जे मला फार महत्त्वाचे वाटते : याच सभेत देणगीचा विषय काढू नका. एकदा पैशाची गोष्ट निघाली की पुढच्या सभेला निम्मी माणसे येत नाहीत, आणि त्यांचे न येणे योग्यच असते.

प्रश्न : माझा मुलगा हिंगोली जिल्ह्यातील एका खासगी शाळेत चौथीत आहे. मान्यतेच्या कामासाठी म्हणून शाळेने आम्हा पालकांच्या कोऱ्या कागदावर सह्या मागितल्या आहेत. सही केली नाही तर मुलाला त्रास होईल अशी भीती वाटते.
– एक पालक

उत्तर : कोऱ्या कागदावर सही करू नका. नकार मात्र एकट्याने देऊ नका. त्याच वर्गातील चार-पाच पालकांनी मिळून मुख्याध्यापकांकडे जावे आणि ‘मजकूर लिहून द्या, आम्ही वाचून सही करतो’ असे नम्रपणे सांगावे. कागद ज्या सभेचा म्हणून जोडला जाणार असेल, ती सभा खरोखर झाली का, तिची सूचना कधी निघाली, हे विचारा आणि इतिवृत्ताची प्रत मागा. एवढे करूनही आग्रह सुरूच राहिला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना सर्वांच्या सह्यांनिशी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मुलाच्या काळजीविषयी सांगायचे तर, मुलाला मानसिक त्रास देण्यास वर सांगितलेल्या 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने मनाई केली आहे. तसे काही घडल्यास तारखेनिशी लिहून ठेवा.