कोरियात शिकवायला निघालेली मुलगी आणि तिचे पहिले तीन महिने

प्रश्न : आम्ही वीस वर्षांपासून कॅनडात, मिसिसागाला राहतो. मुलगी इथलीच नागरिक आहे, वय 23, यंदा पदवीधर झाली. सोलजवळच्या बुंदांगमध्ये लहान मुलांना इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली आहे. खाजगी क्लास आहे, एक वर्षाचा करार, महिना 25 लाख वॉन आणि राहायला खोली. फेब्रुवारीअखेर रुजू व्हायचं आहे. ती शाकाहारी आहे, कोरियन येत नाही, एकटी कधी राहिलेली नाही. तिथे तिचं बस्तान नीट बसावं म्हणून काय तयारी करावी? नाशिकचा माझा भाचा एम.ए., बी.एड. (इंग्रजी) आहे, त्यालाही जाता येईल का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात जेवणाची काळजी भरभरून आहे आणि कराराबद्दल एकच ओळ. मी उत्तरात हे उलटं करते, कारण डाळ-भाताची सोय महिन्याभरात लागते. करार चुकला तर वर्ष वाया जातं.

खाजगी क्लासला तिकडे हॅगवॉन म्हणतात. पगारातून काय कापणार हे करारात लिहिलेलं असतं. तिथे ‘3.3 टक्के’ एवढंच दिसलं, तर सही करू नका. याचा अर्थ मुलीला नोकरदार नव्हे, स्वतंत्र व्यावसायिक दाखवलं जातंय. पहिल्या महिन्यात हे बरं वाटतं, कारण 25 लाखांतले 24 लाख 17 हजार हातात येतात. रीतसर नोकरीत 2026 च्या दराने पेन्शनचे 4.75 टक्के, आरोग्य विम्याचे साधारण 3.6 टक्के, त्यावर थोडा दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आणि आयकर जाऊन साडेबावीस लाखांच्या आत-बाहेर उरतात. पण पेन्शनमध्ये मालकही तेवढेच भरतो आणि कॅनडाच्या नागरिकाला देश सोडताना दोन्ही वाटे व्याजासह परत मिळतात. वर्षाचे हे 28 लाख 50 हजार वॉन होतात. शिवाय वर्ष पूर्ण केल्यावर एक महिन्याचा सरासरी पगार ‘थ्वेजिगगम’ म्हणून द्यावाच लागतो, नोकरी संपल्यापासून 14 दिवसांत. म्हणजे 3.3 टक्क्यांच्या करारात महिन्याला पावणेदोन लाख जास्त दिसतात आणि शेवटी पन्नास लाखांहून अधिक रकमेसाठी भांडायची वेळ येते.

अकराव्या महिन्यात काहीतरी कारण दाखवून नोकरीवरून काढण्याचे प्रकारही होतात, ते याच थ्वेजिगगमपायी. म्हणून नोटीस किती दिवसांची आणि कोणत्या कारणांवरून काढता येईल, हे करारात स्पष्ट हवं. आठवड्याला प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती, खोलीचा देखभाल खर्च (ग्वानलिबी) कोण भरणार, हेही लिहून घ्या. पगार थकला तर कामगार मंत्रालयाचा 1350 हा क्रमांक आहे. व्हिसाच्या शंकांसाठी 1345, तिथे इंग्रजीतूनही बोलता येतं.

ई-2 या परदेशी भाषा शिकवणाऱ्यांच्या व्हिसासाठी पदवी आणि पोलीस पडताळणी, दोन्हींवर अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र) लागतं. कॅनडात ही सोय 11 जानेवारी 2024 पासून झाली. ओंटारिओतल्या पदवीचं काम प्रांताच्या कार्यालयात होतं, आरसीएमपीच्या (कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांच्या) दाखल्याचं ओटावात केंद्राकडे. दोन्ही एकाच पाकिटात घालून एकीकडे पाठवली की परत येतात, आणि तिथेच महिना जातो.

आता एक अवघड विषय, पण मुलीशी स्पष्ट बोला. कोरियात उतरल्यावर ठरवून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होते, त्यात अंमली पदार्थांचीही चाचणी असते आणि गांजा त्यात येतो. कॅनडात तो 2018 पासून कायदेशीर आहे, कोरियात गुन्हा आहे, आणि त्याचा अंश लघवीत कित्येक आठवडे राहू शकतो. मित्रमैत्रिणींच्या निरोपाच्या पार्टीत गांजा घातलेली एखादी खाण्याची वडी पोटात गेली तरी नोकरी आणि व्हिसा दोन्ही धोक्यात येतात.

पोहोचल्यापासून 90 दिवसांत इमिग्रेशन कार्यालयात परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. त्याची वेळ ‘हाय कोरिया’ या सरकारी संकेतस्थळावर घ्यायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये गर्दी असते, म्हणून उतरल्याच्या आठवड्यातच वेळ घ्यावी. या नोंदणीचं कार्ड हातात येईपर्यंत बँक खात्यावर मर्यादा असतात आणि स्वतःच्या नावावर मोबाइल मिळायला अडचण होते. त्यामुळे पहिल्या दीड-दोन महिन्यांचा खर्च पुरेल एवढे पैसे आणि प्रीपेड सिम सोबत हवं.

आपल्या नावांचा खरा घोळ इथेच होतो. कार्डावर पासपोर्टमधलंच नाव येतं, आडनाव आधी. समजा, नाव आहे ‘कुलकर्णी सानिका राजेंद्र’. बँकेतला माणूस सानिका आणि राजेंद्र जोडून टाकतो, मोबाइलवाला जागा सोडतो, तिसऱ्या ठिकाणी वडिलांचं नाव मावतच नाही. मग ऑनलाइन काहीही घ्यायला गेलं की फोनवरून ओळख पटवताना नाव जुळत नाही म्हणून नकार येतो, आणि कारण महिनाभर सापडत नाही. म्हणून बँकेत आणि मोबाइलच्या दुकानात कार्ड समोर ठेवून तीच मोठी (कॅपिटल) अक्षरं, तोच क्रम, तीच मोकळी जागा टाकायला सांगायचं आणि छापील कागद अक्षरन्‌अक्षर ताडून पाहायचा.

खोली बहुधा ‘वनरूम’ असेल : एका खोलीतच ओटा, बिछाना आणि कपडे धुण्याचं यंत्र. गरम पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून फिरतं आणि फरशीच तापते. भिंतीवरच्या बॉयलरच्या बटणांत ‘वेचुल’ म्हणजे ‘बाहेर गेलो आहोत’ असं एक असतं. हिवाळ्यात घराबाहेर पडताना बॉयलर पूर्ण बंद न करता ते दाबायचं, नाहीतर कडाक्याच्या थंडीत नळ्या गोठतात आणि दुरुस्तीचा वाद भाडेकरूच्या गळ्यात येतो. कचऱ्याच्या पिशव्या त्या-त्या भागाच्या, विकत घ्यायच्या असतात. ओला कचरा वेगळा. रस्ता शोधायला गूगलपेक्षा नेव्हर किंवा काकाओ या कोरियन कंपन्यांचे नकाशे वापरावेत.

वर्गाचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे तुमची मुलगी इतरांपेक्षा पुढे असू शकते. कोरियन भाषेत ‘फ’चा दंतोष्ठ्य उच्चार नाही, त्यामुळे ‘कॉफी’चं ‘खॉपी’ होतं. ‘व्ह’चं ‘ब’, ‘झ’चं ‘ज’. शब्दाच्या शेवटी स्वर चिकटतो : ‘लंच’चं ‘लंची’, ‘फिनिश’चं ‘पिनिशी’. ‘स्ट्राइक’ला कोरियन लिपीत पाच अक्षरं लागतात, म्हणून मूल तो पाच ठोक्यांत म्हणतं. ‘पुन्हा म्हण’ असं दहा वेळा सांगून हे जात नाही. ‘स्ट्राइक’सारख्या एका ठोक्याच्या शब्दाला एकच टाळी वाजवायची, मूल टाळीत मावेल असं बोलायला लागतं. ‘फ’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायला सांगून छोटा आरसा हातात द्यावा. एका तासात एकच ध्वनी पुरे.

मुलाचं नाव लाल शाईने लिहू नये, तिकडे ते मृत्यूशी जोडलेलं आहे. वस्तू देताना-घेताना दोन्ही हात वापरावेत. वर्गात घालायच्या चपला वेगळ्या न्याव्यात. आणि शेजारणीच्या मुलाला संध्याकाळी पैसे घेऊन शिकवायचं नाही. ई-2 वर खाजगी शिकवणी बेकायदा आहे, दंड होतो, देश सोडावा लागू शकतो.

भाषेला घाबरू नका. हांगुल लिपी आठवड्यात वाचता येते. घरात मराठी असेल तर क-ख, त-थ, प-फ यांतला फरक तिच्या कानाला आधीच कळतो. तिथे इंग्रजीच बोलणारे अडखळतात. कोरियनमध्ये मराठीसारखं क्रियापदही शेवटी येतं आणि ‘ला’, ‘वर’, ‘पासून’सारखे प्रत्यय नामाला मागून लागतात.

जेवणाचं : रस्सा शाकाहारी दिसला तरी बहुधा सुकट माशाच्या पाण्यात उकळलेला असतो आणि किमचीत (आंबवलेल्या भाजीत) माशाचा किंवा कोळंबीचा खार असतो. बिबिमबाप (भाज्या घालून कालवलेला भात) ‘गोगी प्पेगो चुसेयो’ (मांस वगळून द्या) असं सांगून मिळतं. डाळी, मसाले सोलच्या इथेवॉन भागातल्या दुकानांत मिळतात. पहिल्या महिन्यापुरता छोटा कुकर आणि गोडा मसाला बॅगेत असू द्या.

भाच्याबद्दल. हॅगवॉनचा ई-2 व्हिसा अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारतीय पासपोर्टवर हॅगवॉनमध्ये लावून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये. मात्र 1 जानेवारी 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया सेपा या आर्थिक भागीदारी करारामुळे, इंग्रजी विषयाची पदवी आणि अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयाला कोरियातल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. तरतूद असली तरी जागा हव्यात. त्याने मुंबईतल्या कोरियन वाणिज्य दूतावासाला आणि कोरियातल्या संबंधित शिक्षण कार्यालयाला ईमेल करून या करारांतर्गत यंदा अर्ज घेताय का, एवढंच विचारावं. लेखी होकार आल्यावरच अपोस्टीलचा खर्च करावा.